केवळरामच्या जीपचं नाक

जीपमध्ये चढण्याआधी चपला काढणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, इतकी वर्षं त्याच्याच शेजारी बसून एटापल्लीच्या पुढचे सगळे आठवडी बाजार केले आहेत. माझा साड्या-लुगड्यांचा धंदा. गठ्ठे घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी. एस.टी. जिथून माघारी वळते तिथून पुढं केवळरामची जीप, आणि पावसाळ्यात एस.टी. फार लवकर वळते.

केवळराम जातीनं ढीवर. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे नदीत डोंगा घालून मासे धरणारे. डोंगा म्हणजे एका अख्ख्या खोडाची कोरून काढलेली होडी. तिच्यात चपला घालून चढत नाहीत, चढताना तिला हात लावून तो कपाळाला लावतात, आणि तिच्यात बसून शिवी देत नाहीत. केवळरामनं मासेमारी सोडून सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली, चारही चाकं ओढणारी, तेव्हा हे सगळे नियम त्यानं जसेच्या तसे जीपमध्ये आणून ठेवले. चपलांचं मला काही नाही. शिव्यांची बंदी मात्र फार जाचक होती. त्या रस्त्यावर, त्या सीटवर, खालून स्प्रिंग टोचत असताना तोंडातून ब्र न काढता बसून पाहा, म्हणजे मी काय सोसलं ते कळेल.

गाडी चालवतानाची त्याची भाषाही पाण्याची. वेग वाढवायचा असला की स्वतःशीच म्हणायचा, "वल्हव, वल्हव." उजवीकडं वळायचं तर "धारेकडं" आणि डावीकडं वळायचं तर "काठाकडं". मग आजूबाजूला नुसतं सागाचं रान असलं तरी. एकदा ऐन उन्हाळ्यात मी वैतागून म्हटलं, "केवळराम, इथी पानी कुठी हाय गा?"

"आता नाई, धनराजभाऊ," तो म्हणाला. "पन येनार हाय."

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द शेवटचा. नाला आला की जीप थांबवायची, टपावरचा बांबू काढायचा आणि स्वतः पाण्यात उतरून पलीकडपर्यंत चालत जायचं. पाणी मांडीच्या खाली असलं तर गाडी जाणार, वर असलं तर माघारी. मग गाडीत नवरदेव असो, नाहीतर निवडणुकीचा साहेब. माझे कितीतरी बाजार त्या मांडीनं बुडवले. मी रागवायचो, फणफणायचो, मनातल्या मनात जीपबाहेरच्या शिव्या द्यायचो, आणि केवळराम शांतपणे गाडी वळवायचा. त्याच्या जीपमध्ये आजवर कुणाचा पायसुद्धा भिजला नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागायचं.

हा नियम मोडला तो पायलमुळं.

पायल ही केवळरामची आणि देवकाबाईची एकुलती एक. तिला भामरागडच्या अंगाला कुकामेट्याचं स्थळ आलं. मुलगा अंकुश, घरची धानाची शेती, वर मासेमारी. बापाला पसंत, आईला पसंत, मुलगाही पायलला पसंत. तरी पोरगी नाही म्हणाली. कारण काय, तर नाला. कुकामेट्याच्या अलीकडं जांभूळनाला आहे. मोठ्या रस्त्यावर आता पूल झाले, पण या आडवाटेच्या नाल्याचं अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. पावसाळा लागला की ते गाव आपलं आपणच राहतं.

"मंग माहा आखाड कसा होईन?" पायल म्हणाली.

बाहेरच्यांना यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडं लग्नाच्या वर्षी आखाड महिन्यात नव्या सुनेनं आणि सासूनं एका छपराखाली राहायचं नसतं. बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो आणि मुलगी माहेरी जाते. पहिला आखाड आयुष्यात एकदाच येतो. ज्या सुनेला न्यायला कुणी येत नाही, तिला गावातल्या बाया विहिरीवर विचारतात, "काय व, तुले मायबाप हाय का नाई?" आणि नेमका आखाड म्हणजेच नाल्याला पूर.

केवळराम सगळ्या पाहुण्यांसमोर उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आखाड लागला का दुसऱ्या दिवशी मी नाल्यावर हाजर. पूर असो का परलय असो. बापाचा शब्द हाय."

पायल हसली आणि हो म्हणाली. लग्नाची लुगडी माझ्याच दुकानची होती, म्हणून मी तिथं होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र डोलावली नाही, कारण शब्द देताना हा माणूस मांडीचं काहीच बोलला नव्हता.

लग्न झालं. उन्हाळ्यात एके दिवशी आम्ही जांभूळनाल्याच्या अलीकडं लच्छूच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो, तेव्हा नागपूरहून हौशी लोकांच्या चार-पाच गाड्या आल्या. चिखलात गाडी फसवायला आणि मग ती काढायला माणसं इतक्या लांब येतात, हे लच्छूच्या पचनी पडत नव्हतं. "आपली तं फुकटात फसते," तो म्हणाला. त्यातल्या एका गाडीच्या बॉनेटच्या बाजूनं एक काळा जाड पाइप निघून काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत गेला होता. केवळराम चहा तसाच ठेवून त्या गाडीभोवती फिरू लागला.

"हा सायलेन्सर वर काऊन नेला?" त्यानं विचारलं.

गाडीवाला पोरगा हसला. म्हणाला, "काका, हा सायलेन्सर नाही. हे गाडीचं नाक आहे. स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाला हवा लागते. नाक पाण्याखाली गेलं की इंजिन पाणी पितं आणि खलास. नाक टपावर नेलं की बॉनेट बुडालं तरी गाडी चालते."

केवळरामचे डोळे चमकले. "माहा आजा बोरूची नळी तोंडात धरून पान्यात बसे," तो म्हणाला, "आन वरून बदक आला का खालून त्याचे पाय धरे. तेच हाय हे!"

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. लावायचं की नाही? सरळ प्रश्न आहे, तुम्ही म्हणाल. पण एटापल्लीच्या जंगू मिस्त्रीनं सांगितलं की पाइप आत घ्यायला बॉनेटच्या बाजूच्या पत्र्याला वाटीएवढं भोक पाडावं लागेल, आणि केवळरामचा चेहरा पांढरा पडला. ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या डोंग्याची भोकं बुजवण्यात जन्म घालवला, त्यातल्या माणसाला मिस्त्री म्हणतो, चांगल्या अंगाला भोक पाड! त्यानं जीप माघारी आणली. आठवड्यानं परत नेली, परत आणली. तिसऱ्यांदा जंगू नुसताच हसला आणि पाना खाली न ठेवता म्हणाला, "चहा पिऊन जाय."

मग सल्ले सुरू झाले. लच्छू म्हणाला, "लावू नोको. आज तू म्हनतं, पानी मांडीच्या वर हाय, आन लोक गप बसतेत. नाक लावलं का बहाना संपला. रातच्याले दोन वाजता कोनाची गाय आजारी पडली तरी तुले उठवतीन." मी म्हटलं, "लाव." माझं सरळ आहे, मला पावसाळ्यात बाजार करायचे होते. केवळराम आमच्या दोघांचंही मान हलवून ऐकायचा आणि जीपच्या त्या पत्र्यावरून हात फिरवत बसायचा.

देवकाबाईचं म्हणणं सगळ्यांत साधं होतं. मी त्यांच्या ओट्यावर चहा घेत होतो तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "अजी, आखाड लागाच्या आधीच पोरीले घेऊन या ना. आता नाला सुका हाय. पाइप कायले पायजे?"

"आधी आनली तं लोक म्हनतीन, पोरगी भांडून आली."

"म्हनू द्या. लोकायच्या म्हनन्यानं नाल्याले पूर येत नाई."

"आन मी शब्द देल्ला तो? पुरातून येतो म्हनलो मी!"

"पूर असला तरी येतो म्हनले तुमी. पूर पाहूनच येतो, असं कोनी म्हनलं?" मग माझ्याकडं वळून, "दोन्हीत फरक हाय का नाई, धनराजभाऊ?"

फरक होता, आणि तो आंधळ्यालाही दिसला असता. पण नवरा-बायकोच्या मधे तोंड घालायला मी काही खुळा नाही. मी बशीत चहा ओतला. खरी गोष्ट अशी, की केवळरामला पूर हवाच होता. कोरड्या नाल्यातून पोरीला आणायला काय, कुणीही आणेल. बाप पुरातून आला, हे कुकामेट्याच्या विहिरीवर बायांनी एकमेकींना सांगायला हवं होतं. देवकाबाईलाही हे कळत होतं, म्हणून ती जास्त बोलली नाही.

शेवटी रोहिणी संपता संपता त्यानं भोक पाडून घेतलं. जीपसमोर नारळ फोडला, लिंबू ठेवला, बॉनेटला हात लावून माफी मागितली. मशीन सुरू झाल्याबरोबर तोंड फिरवून बाहेर गेला. जंगू आतून ओरडला, "अरे, पोरीचे कान टोचत नाई का आपन? तसं हाय हे!" तरी तो आत आला नाही. थोड्या वेळानं जीप नाक घेऊन बाहेर आली, काळं, उंच, टपाच्याही वर तोंड काढलेलं. गावात तिचा रुबाब वाढला. पहिल्याच बाजारात एका बाईनं त्या नाकाला कोंबड्यांची टोपली अडकवली, आणि केवळराम तिच्यावर असा खेकसला की त्याचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पण ते भोक त्याच्या मनाला लागून राहिलं. एक भोक आपण आपल्या हातानं पाडलं, तर बाकीची तरी बुजवायला हवीत, असं त्याला वाटू लागलं. जीपखाली आडवा होऊन पाहिलं, तर भोकंच भोकं. गंजानं पडलेली वेगळी, धुताना पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली वेगळी, पॅडलांच्या बाजूच्या फटी वेगळ्या. त्यानं बाजारातून राळ आणली, तेलात कढवली, माझ्याकडून गाठोडंभर चिंध्या नेल्या, आणि त्याचा बाप डोंग्याच्या चिरा जशा बुजवायचा तशी एकेक फट हातानं, अंगठ्यानं दाबून दाबून बुजवली. खालचं झाल्यावर दारं घेतली. दारांच्या कडांनी राळ भरली, म्हणजे दारं कायमची बंद. चढायचं मागून, फाळक्यावर पाय देऊन.

"आता एक थेंब आत येनार नाई," तो मला म्हणाला. कपाळावर राळ लागली होती आणि चेहरा असा खुललेला, की लग्नातसुद्धा तो इतका खूश दिसला नव्हता.

जंगू मिस्त्री तेव्हा पेरणीसाठी गावी गेला होता. तो असता तर काही बोलला असता का, कोण जाणे. मी तर कौतुकच केलं. पाणी आत येऊ नये यात वाईट काय? गावच्या तलावात काठाकाठानं, गुडघाभर पाण्यात गाडी घालून पाहिली. आत कोरडं ठाक. काठावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आखाड लागला आणि आदल्या रात्रीपासून पाऊस जो कोसळू लागला, तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गठ्ठे घेऊन मागच्या फाळक्यावरून कसाबसा आत शिरलो. पलीकडच्या गावात त्या दिवशी बाजार होता. देवकाबाई छत्री घेऊन जीपपर्यंत आली.

"मांडीच्या वर असन तं माघारी या," ती म्हणाली. "पोरगी चार दिस थांबते. तिले मी समजावतो."

"हो," केवळराम म्हणाला. तो हो फार पटकन आला होता, हे मला तेव्हाच खटकलं.

लच्छूच्या टपरीशी पोचलो तर समोर नाला लाल होऊन वाहत होता. केवळरामनं बांबू काढला आणि तो पाण्यात उतरला. मी काचेतून पाहत होतो. घोटा, गुडघा, मांडी. मांडीला तो थांबला नाही. कंबर, मग छाती. तिथं मात्र उभा राहिला, बराच वेळ. मला वाटलं, चला, माघारी. एवढ्यात पलीकडच्या काठावर, पळसांच्या आडून दोन माणसं पुढं आली. प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरलेला अंकुश आणि हातात पिशवी घेतलेली पायल. सगळी तयारी करून, नव्या लुगड्यात. तिनं हात वर केला.

केवळराम परत आला, बांबू टपावर बांधला आणि स्टीअरिंगवर बसला. मला म्हणाला, "चाला."

"मी उतरतो," मी म्हणालो आणि दाराचा खटका ओढला. दार हललंसुद्धा नाही. राळ भरलेली. मागं वळून माझे दोन गठ्ठे ओलांडून फाळक्यापर्यंत जाईपर्यंत जीप पाण्यात गेली होती.

सुरुवात फार छान झाली, खोटं का बोलू? पाणी बॉनेटवर आलं, समोर लाट उठली, आणि ते नाक टपावरून असा दणकून श्वास घेत होतं, की इंजिनाला पाण्याची खबरच नव्हती. मी पायाखाली पाहिलं. कोरडं. केवळराम ओरडला, "पाह्यलं का, धनराजभाऊ? एक थेंब नाई!"

मग अचानक धक्के थांबले. इतक्या वर्षांत त्या सीटनं मला पहिल्यांदाच टोचलं नाही. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं, आणि क्षणभर, देवाशपथ, मला ते आवडलं. नंतर लक्षात आलं की समोरची झाडं डावीकडून उजवीकडं चालली आहेत. आम्ही पुढं जात नव्हतो, आडवे जात होतो.

केवळराम स्टीअरिंग गरागरा फिरवत होता. खाली चाकं जोरात फिरत होती, पण त्यांना जमीन मिळत नव्हती. मग त्यानं हात थांबवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "धनराजभाऊ, हे तं तरंगून राह्यली."

तेव्हा माझा बांध फुटला. इतक्या वर्षांत साठवलेल्या सगळ्या शिव्या मी एका दमात दिल्या, त्याला, जीपला, नाकाला, नागपूरच्या त्या पोराला.

"डोंग्यात शिवी नाई!" केवळराम गरजला.

आणि त्यानं इंजिन बंद केलं. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. एवढा वेळ घाबरलेला ड्रायव्हर कुठंतरी गेला आणि त्याच्या जागी एक ढीवर उभा राहिला. खिडकीतून निघून टपावर चढला, बांबू सोडला, आणि वरून मला हुकूम, "तुमी त्या अंगाले सरका. गठ्ठेबी तिकडंच घ्या. आन हलू नोका." बांबू तळाला टेकवून, रेटा देऊन, धारेच्या विरुद्ध न जाता धारेच्या कलानं घेत त्यानं ती जीप दोन वाकणं खाली नेली आणि करंजाच्या झाडांखाली, वाळूत, पलीकडच्या काठाला अलगद लावली. फक्त तोंड उलटं, एटापल्लीकडं. काठानं पळत आलेल्या पायलनं दोर झेलला आणि झाडाला बांधला.

"बाबा, तुमाले लागलं तं नाई?" हे पहिलं. मग तिनं जीपभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, दाराच्या कडेवर बोट फिरवून वास घेतला. "बाबा, गाडीले राळ लावली तुमी?"

"हो."

"मंग ते तरंगन नाई तं काय करन?" ती म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की नव्या लुगड्यासकट चिखलात बसली. अंकुश सासऱ्यासमोर हसू नये म्हणून झाडाकडं तोंड करून उभा राहिला.

बाप पुरातून आला, इथवर ठीक. पण परत कसं जायचं? पायलनं सांगून टाकलं, "या गाडीत मी बसत नाई." पाणी चढतच होतं. गावात वीज नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद पडलेला. आणि आखाड लागलेला. सून घरात, सासू घरात. केवळराम डोकं धरून बसला. शब्द पाळायला आलेला बाप, आणि पोरगी आहे तिथंच!

सासूबाई म्हणजे सुगंधाबाई. अंगानं भरलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनी गुंता एका वाक्यात सोडवला. "सुनेले जाता येत नसन तं सासू जाते," असं म्हणून त्यांनी पानाचा डबा आणि गोधडी काखेत मारली आणि शेजारी दिराच्या घरी राहायला गेल्या. तिथून ओसरीत बसून, छप्पर वेगळं म्हणून, मोठ्यानं सुनेला भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगत राहिल्या.

दुसरी अडचण केवळरामची. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हाही त्याच्या घरचा नियम. त्यानं नाल्याकाठी, जीपच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडली, स्वतः मासे धरले, स्वतः रांधू लागला. पायल आपली ताटली घेऊन तिथंच येऊन बसायची. "बाबाच्या चुलीवरचं खाल्लं म्हंजे माहेरचंच खाल्लं," असं तिनं ठरवून टाकलं. बापलेक मासळी खात हसायचे, आणि केवळराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की इंजिनात थेंब गेला नाही. उतरवताना भिजलेल्या माझ्या साड्या मी जीपवर वाळत घातल्या होत्या, एक पदर नाकाला गाठ मारून. मीही सुगंधाबाईकडं पोटभर जेवत होतो. आम्ही सगळे मजेत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. पाणी उतरू लागलं. केवळराम चुलीवर मासोळी परतत होता, तेवढ्यात वरच्या वाकणावरून एक डोंगा येताना दिसला. बांबू धरून उभा होता तो पोचू, देवकाबाईचा भाऊ. मधे देवकाबाई. ती समोर पाहत नव्हती. एकदा या काठाला पाही, एकदा त्या काठाला, एकेक झुडूप पाहत येत होती. मग तिला साड्या दिसल्या.

केवळराम उलथनं हातात घेऊन पाण्यापर्यंत धावला. "पायलची माय! पाह्यलं का? इंजिनात एक थेंब नाई गेला!"

डोंगा काठाला लागला तरी देवकाबाई उतरली नाही. पोचूच बोलला. "भाटो, लच्छू म्हने, गाडी पान्यात उतरली ते पाह्यलं, निंघाली ते नाई पाह्यलं. कालपासून दोन्ही काठ पाहून राह्यलो आमी. वर एका झुडपात निळं कापड अडकलं होतं. बाईनं ते सोतानं काढलं. प्लास्टिक निंघालं."

केवळरामच्या अंगात त्या दिवशी निळाच सदरा होता. त्यानं सदऱ्याकडं पाहिलं आणि त्याच्या हातातलं उलथनं खाली आलं. पाण्याची खोली, धार, तळाची वाळू, सगळं कळणाऱ्या या माणसाला अलीकडच्या काठावर एक बाई उभी आहे, एवढं मात्र सुचलं नव्हतं. मलाही नाही सुचलं. मला माझी लाज वाटली आणि मी उगाच एक साडी घडी करू लागलो.

"पायल, चाल," देवकाबाई म्हणाली. आवाज बसलेला होता. "आखाड लागला. तुले न्यायले आलो मी."

पायल पिशवी घेऊन धावत आली आणि डोंग्यात आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडू लागली. दिराच्या ओसरीतून उठून सुगंधाबाईही काठावर आल्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

देवकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "डोंग्यात एक जागा हाय. गाडी पायजे असन तं गाडीजवळ राहा."

केवळरामनं जीपकडं पाहिलं. तिला सोडून तो आजवर कुठं राहिला नव्हता. रात्री पुन्हा पाणी चढलं तर ती जाणार, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी म्हणणार होतो, काही करून दोन दिवस थांब. पण तो पाण्यात उतरला आणि बायकोसमोर जाऊन बसला. पोचूनं बांबू रेटला.

"अरे, किल्ली तं देऊन जाय!" मी ओरडलो. "आन माहं काय?"

कुणी ऐकलं नाही. केवळराम मान खाली घालून बसला होता, आणि देवकाबाई पदराच्या टोकानं त्याच्या सदऱ्यावरची राळ खरवडत होती, अशी की जणू ती आत्ताच निघाली पाहिजे. मग तिचा हात तिथंच थांबला आणि तिनं सदऱ्याचा तो भाग मुठीत घट्ट धरला. डोंगा वाकणाआड जाईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मागं मासोळी करपल्याचा वास आला, तेव्हा मी चुलीकडं गेलो.